टोपीवरचा सेल

दिल्लीत पोस्टिंग झालेल्या मराठी माणसाला घरच्या जेवणाची आठवण आली की त्याची पावलं कोपर्निकस मार्गाकडे वळतात. जुनं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. दूरदर्शन भवन, फरीदकोट हाउस, कमानी सभागृह हेही इथलेच. महिन्यातला एखादा रविवार मी सदनात जेवतो आणि जमलं तर संध्याकाळी कमानीत गाणं किंवा नाटक पाहून परततो. आजच्या लेखाचं उत्तर मला या रस्त्यावर रात्री साडेनऊला सापडलं. प्रश्न मात्र सातारा जिल्ह्यातला, कोरेगाव तालुक्यातल्या एका घराच्या ओसरीवरचा.

त्या ओसरीवर आमचे एक हवालदार बसतात. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मी कॅप्टन असताना ते माझ्या सिग्नल डिटॅचमेंटमध्ये होते. मी खडकवासल्याहून आणि पुढच्या ट्रेनिंगमधून जे शिकून आलो होतो, त्यातलं निम्मं त्यांनी मला पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा शिकवलं. पुढे मी दुसरीकडे गेलो आणि काही वर्षांनी बातमी आली की डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीकडे कलंडली. मानेचा मणका दुखावला. आज मान आणि डोकं नीट हलतं, खांदे थोडे हलतात, बोटं हलत नाहीत.

खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर बऱ्याच वाचकांना माहीत असेल. १९७४ पासून ते चालू आहे. तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे तिथले जवान अनेकांनी पाहिले असतील. खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासूनचं, अपंग सैनिकांना हाताला काम शिकवणारं. हवालदार काही महिने खडकीला राहिले आणि तोंडात काडी धरून कीबोर्ड चालवायला शिकून गावी परतले. पुढे त्यांनी जे केलं त्याचा मला फार अभिमान वाटतो. गावातल्या आणि आसपासच्या माजी सैनिकांचे पेन्शनचे अर्ज, स्पर्श पोर्टलवरची माहिती, वर्षाचा हयातीचा दाखला हे सगळं ते ओसरीवर बसून करून देऊ लागले. नोव्हेंबरात तर त्यांच्या दारात रांग असते. पैसे घेत नाहीत. एखादा म्हातारा गूळ ठेवून जातो, एखादी विधवा शेंगा.

पण काडीने दोन तास काम केलं की जबडा आणि मान भरून येते. मागच्या वर्षी रजेवर गेलो तेव्हा ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, यावर काहीतरी करायला हवं.

माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिला विमानाचे सिम्युलेटर खेळायचा नाद आहे. त्या मंडळींत एक घरगुती युक्ती चालते. हेडफोनला किंवा टोपीला तीन इन्फ्रारेड एलईडी असलेली एक क्लिप लावायची आणि समोर एक वेबकॅम ठेवायचा. वेबकॅमच्या आत इन्फ्रारेड अडवणारी एक छोटी काच असते, ती काढून टाकायची. त्याऐवजी काळ्या पडलेल्या फोटोच्या निगेटिव्हचे दोन तुकडे लावायचे. ते दिसणारा प्रकाश अडवतात आणि इन्फ्रारेड आत सोडतात. मग कॅमेऱ्याला खोली, चेहरा, भिंत काही दिसत नाही. काळ्या पडद्यावर फक्त तीन पांढरे ठिपके दिसतात. डोकं वळलं की ठिपके सरकतात, आणि ओपनट्रॅकसारखी फुकट मिळणारी प्रणाली त्यावरून डोकं कुठं वळलं, किती झुकलं, पुढे आलं की मागे गेलं हे काढते. वैमानिकाला या सहाही हालचाली लागतात. संगणकाचा माउस हलवायला मात्र दोनच पुरतात, डावं-उजवं आणि वर-खाली. पॉइंटर क्षणभर एका जागी स्थिर ठेवला की क्लिक होईल, अशी सोयही करता येते.

मी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमधून एलईडी आणले. निगेटिव्ह आमच्या लग्नाच्या फोटोंमधलं, रिळाच्या टोकाचा तो काळा भाग. बायकोला विचारून कापला. एक क्लिप बनवली, तिला मागे दोन पेन्सिल सेलची डबी जोडली आणि दिवाळीत जाऊन हवालदारांच्या टोपीवर बसवली. दहा मिनिटांत ते पॉइंटर असा फिरवायला लागले की मी आणि वहिनी बघतच राहिलो. परतीच्या प्रवासात मी स्वतःवर भलताच खूश होतो.

नोव्हेंबरच्या मध्यात त्यांचा फोन आला. वहिनींनी फोन कानाशी धरलेला असणार. म्हणाले, "साहेब, लाईट आहे, कंप्युटर चालू आहे, मी पण चालू आहे. टोपीवरचा सेल तेवढा गेलाय."

हसत म्हणाले, पण आदल्या दिवशी जे घडलं ते हसण्यासारखं नव्हतं. वहिनी रानात गेल्या होत्या. समोर ७१ च्या लढाईतले एक नाईक बसले होते, वय ऐंशीच्या घरात. त्यांचा फॉर्म अर्धा भरला होता आणि पॉइंटर थांबला. नवे सेल टेबलावरच होते. हवालदारांनी नाईकांना सेल बदलायला सांगितले. म्हाताऱ्याचे हात कापत होते, डबीचं झाकण निघेना, निघालं तेव्हा एक सेल घरंगळत खाटेखाली गेला. ते गुडघ्यांवर बसू शकत नव्हते आणि हवालदार उठू शकत नव्हते. वहिनी परत येईपर्यंत दोघे जण दोन तास एकमेकांसमोर बसून होते.

चूक माझी होती. मी ज्याला हात वापरता येत नाहीत त्याला असं यंत्र दिलं, ज्याचं सगळ्यात नाजूक काम हातांनीच करावं लागतं. काडी होती तेव्हा ते थकत होते, पण काडी कधी अर्ध्या फॉर्ममध्ये मरत नव्हती.

सिग्नलच्या माणसाला हे कळायला हवं होतं. आमची निम्मी नोकरी बॅटऱ्या वाहण्यात जाते. उंचावरच्या थंडीत बॅटरीची ताकद झपाट्याने उतरते. आम्ही रेडिओची जादा बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपायचो, सकाळी सेट चालू व्हावा म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांनी रायफलवर बसणारी इन्फ्रारेड दुर्बीण आणली होती, व्हँपिर नावाची. दुर्बीण सव्वादोन किलोची आणि तिच्या दिव्यासाठी पाठीवर बांधायची बॅटरी साडेतेरा किलोच्या आसपास. अंधारात बघण्याची किंमत शिपायाने पाठीवर वाहायची. ही गोष्ट मी लेक्चरमध्ये हसत सांगत आलो, आणि स्वतः मात्र तेच करून बसलो. दिवा अंगावर, म्हणून बॅटरीही अंगावर.

हिशेब साधा होता, तो मी आधी करायला हवा होता. इन्फ्रारेड एलईडी सुमारे २० मिलिअँपिअर घेतो. तीन एलईडी समांतर जोडले की ६०. चांगला पेन्सिल सेल २००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास देतो, म्हणजे साधारण ३३ तास. हवालदार दिवसाला आठ-दहा तास बसतात. चौथ्या दिवशी सेल संपणारच होता. बटण सेल तर विचारात घेण्यासारखाच नाही. त्याच्या पोटात दोनशेच्या वर थोडं असतं आणि एवढा प्रवाह तो नीट देतही नाही.

मग मी बॅटरीशिवाय काय करता येईल याच्या मागे लागलो. जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण कुणाला असंच काही बनवायचं असेल तर त्याचे दोन-चार रविवार वाचतील.

पहिला आणि सरळ मार्ग म्हणजे वायर. यूएसबीतून ५ व्होल्ट मिळतात. तीन एलईडी एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडले तर तिघांवर मिळून सुमारे ४.२ व्होल्ट पडतात. उरलेल्या ०.८ व्होल्टसाठी ४७ ओहमचा रेझिस्टर घातला की १७ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. हे पोर्टच्या दृष्टीने काहीच नाही. जुन्या यूएसबी पोर्टमधूनही ५०० मिलिअँपिअर मिळतात. खर्च शंभर रुपयांच्या आत. सिम्युलेटर खेळणाऱ्या कुठल्याही पोराला मी हाच मार्ग सांगेन. सेलची डबी फेकून दे, जुन्या चार्जरची वायर काप, लाल आणि काळी तार घे, बाकीच्या दोन तारांना टेप लाव, झालं.

पण हवालदारांच्या बाबतीत वायर म्हणजे डोकं टेबलाला बांधणं. व्हीलचेअर मागे सरकली, वायर मानेमागे अडकली, तर ती सोडवायला पुन्हा हात लागतात. चुंबकाने चिकटणारा आणि ओढ बसली की सुटणारा जोड मिळतो, तोही लावून पाहिला. सुटला की सुरक्षित, हे खरं. पण सुटलेला परत जोडायला कुणाला हाक मारायची? आपण होतो तिथंच.

दुसरा विचार सुपरकपॅसिटरचा. बॅटरी नाही, मिनिटाभरात भरतो, वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून मोह होतो. गणित मांडलं आणि मोह गेला. एक फॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्टपासून ४ व्होल्टपर्यंत उतरेतो एक कूलंब देतो. २० मिलिअँपिअरने खर्च केला तर ५० सेकंद. दहा फॅरडचा घेतला तरी आठ-साडेआठ मिनिटं.

तिसरा विचार टोपीवर सौर पट्टीचा. कॅल्क्युलेटर खोलीतल्या उजेडावर चालतो हे खरं, पण त्याची भूक एलईडीच्या मानाने नगण्य असते. आपल्या तीन एलईडींना ट्यूबलाइटच्या उजेडात चालवायचं तर टोपीऐवजी छत्री घालावी लागेल. आणि उन्हात बसवलं तर उन्हातलाच इन्फ्रारेड कॅमेऱ्याला आंधळा करतो.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी कमानीत एक गाण्याची बैठक ऐकून बाहेर पडलो. मंडी हाउसच्या बाजूने एक गाडी आली आणि तिच्या दिव्यांत पोलिसांचं बॅरिकेड असं लखलखलं की जणू आत बल्ब आहेत. गाडी गेली, बॅरिकेड विझलं. पुढची आली, पुन्हा पेटलं. शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराच्या जॅकेटवरचे पट्टेही तसेच. मी फुटपाथवर उभा राहून चार-पाच गाड्या जाऊ दिल्या. बॅरिकेडला कुठे सेल असतो?

ती पट्टी आरशासारखी नसते. आरसा तिरका धरला तर प्रकाश भलतीकडे जातो. या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात, आणि प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने ती तो परत पाठवते. म्हणून ड्रायव्हरला ती पेटलेली दिसते आणि बाजूला उभ्या असलेल्याला बरीच फिकी. म्हणजे दिवा कॅमेऱ्यापाशी ठेवला आणि टोपीवर नुसती पट्टी चिकटवली, तर टोपीला कसलीच वीज लागणार नाही. कॅमेऱ्याची वायर संगणकात जातेच. दिव्याची वायरही तिच्यासोबत जाईल.

घरी येऊन मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, हे तर आधीपासून आहे." आणि खरंच आहे. सिम्युलेटरसाठी ट्रॅकआयआर नावाचं जे विकत मिळणारं यंत्र आहे, त्याच्या टोपीवर लावायच्या साध्या क्लिपमध्ये एलईडी नसतात, चमकणारे तीन तुकडे असतात. एलईडीवाली क्लिप वेगळी, आणि ती वायरने यूएसबीला जोडतात. त्याच कंपनीने हात न चालणाऱ्या लोकांसाठी स्मार्टनॅव्ह बनवलं होतं, त्यात टोपीवर किंवा चश्म्यावर एक चमकणारा ठिपका चिकटवला की पुरे. मी एलईडीच्या मागे लागलो कारण एलईडी लुकलुकतो आणि आपल्याला वाटतं की आपण काहीतरी बनवलं. चिकटपट्टी कापण्यात कसली आली कारागिरी!

ज्या रस्त्यावर मला हे सुचलं त्याचं नाव कोपर्निकसचं असावं याची मला नंतर गंमत वाटली. १५४३ साली छापून आलेल्या त्याच्या ग्रंथाने सूर्य मध्यभागी ठेवला आणि पृथ्वीला इतर ग्रहांच्या रांगेत बसवलं. ग्रहांना स्वतःचा उजेड नाही. जो दिवा आहे तो एकाच जागी, बाकीचे त्याच्या उजेडात दिसतात. माझी पहिली टोपी म्हणजे प्रत्येक ग्रहाला आपापला सेल देण्याचा प्रकार होता.

लढाऊ हेलिकॉप्टरमध्येही हा प्रश्न आलेला आहे. २०१९ साली पठाणकोटला हवाई दलात दाखल झालेलं अपाची आपण टीव्हीवर पाहिलं. त्या घराण्याच्या हेलिकॉप्टरांत वैमानिक जिकडे बघेल तिकडे तोफ वळते. त्यासाठी डोकं कुठं वळलंय हे यंत्राला कळावं लागतं. अपाचीच्या मूळ पद्धतीत इन्फ्रारेडचे झोत कॉकपिटमध्ये बसवलेली युनिटं सोडतात आणि हेल्मेटवर फक्त ते झोत टिपणारे डोळे असतात. हेल्मेटला वायर असतेच, कारण वैमानिक पट्ट्यांनी बांधलेला असतो आणि त्याला हातही असतात. पण उजेड पाडण्याचं काम डोक्यावर ठेवलेलं नाही, ते विमानाच्या अंगावर आहे, जिथे वीज आधीच आहे.

दुसरी टोपी बनवायला एक संध्याकाळ पुरली. ट्रकला लावतात ती पांढरी चमकणारी पट्टी आणली आणि रुपयाच्या नाण्याएवढे तीन गोल कापून टोपीच्या पुढच्या भागावर चिकटवले. सॉफ्टवेअर तेच ठेवायचं होतं म्हणून ठिपके तीनच. कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती बारा एलईडींचं कडं केलं. तीन-तीनच्या चार माळा, प्रत्येकीला तोच ४७ ओहमचा रेझिस्टर. सगळं मिळून सत्तर मिलिअँपिअरच्या आसपास. एलईडी ८५० नॅनोमीटरचे घेतले, कारण ९४० चे पूर्ण अदृश्य असले तरी साध्या वेबकॅमला ते कमी दिसतात.

एक चूक इथेही केली. आधी दिवा कॅमेऱ्यापासून वीतभर बाजूला लावला, भिंगाजवळ गर्दी नको म्हणून. ठिपके जवळजवळ दिसेनातच. पट्टी प्रकाश दिव्याकडे परत पाठवते, आणि कॅमेरा दिव्यापाशी नव्हता. कडं भिंगाला अगदी चिकटून बसवलं तेव्हा ठिपके पेटले. डोळ्यांचंही सांगितलं पाहिजे. हा प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही, त्यामुळे डोळा दिपत नाही आणि पापणी आपणहून मिटत नाही. टोपीवरचे एलईडी डोळ्यांपासून बाहेर बघत होते. हे कडं दिवसभर चेहऱ्याकडे बघतं. म्हणून ठिपके दिसतील एवढाच प्रकाश ठेवायचा, जास्त प्रवाह द्यायचा मोह टाळायचा, आणि कॅमेरा हातभर लांब ठेवायचा.

गेल्या रजेत ती टोपी ओसरीवर पोचली. अडचणी आल्या. हवालदारांच्या चश्म्याची काच मधेच चौथा ठिपका दाखवायची. कॅमेरा थोडा वर उचलला तेव्हा ते कमी झालं. दुपारी तीननंतर ओसरीवर ऊन येतं, तेव्हा कॅमेरा गोंधळतो. वहिनींनी गोणपाटाचा पडदा लावला. ऊन फारच असलं तर काम माजघरात.

आता या सगळ्यावर माझं मत सांगतो, कारण त्यासाठीच लिहायला बसलो.

आपल्याकडे अपंगांसाठी, म्हाताऱ्यांसाठी वस्तू बनवणारे बहुतेक जण मी केली तीच चूक करतात. इंजिनिअरिंग कॉलेजांची प्रदर्शनं पाहा. हातमोजे, टोप्या, चष्मे, काठ्या, आणि प्रत्येकाच्या पोटात एक सेल. यंत्र चालतं का, किती अचूक चालतं, किती स्वस्त पडतं हे परीक्षक विचारतात. सेल कोण बदलणार, हे मी कुणाला विचारताना ऐकलं नाही. श्रवणयंत्राचं उदाहरण घ्या. त्यातला सेल शेंगदाण्याहून लहान. ज्याच्या कानाला ऐकू येत नाही त्या वयात बोटांना कंप असतो आणि डोळ्यांना कमी दिसतं. कितीतरी श्रवणयंत्रं टेबलाच्या खणात पडून असतात आणि घरचे म्हणतात, आजोबा हट्टी आहेत, घालत नाहीत.

वीज त्या माणसाच्या अंगावर ठेवू नका, जो ती भरू शकत नाही. ती अशा जागी ठेवा जिथे ती आधीच येते आणि जिथे ती कमी झाल्याचं सगळ्यांना दिसतं. फौजेच्या भाषेत सांगायचं तर रसदेचा मार्ग एकच असू द्या, आणि तो सगळ्यात अशक्त चौकीतून नेऊ नका.

यावर मला तीन आक्षेप ऐकायला मिळाले. तिन्ही रास्त आहेत.

पहिला असा की लॅपटॉपमध्येही बॅटरीच आहे, मग बॅटरीशिवाय कसलं? खरं आहे. गावात लाईट गेली की सगळा भार त्याच बॅटरीवर. पण ती एकच आहे, पडद्याच्या कोपऱ्यात तिचे आकडे दिसतात, आणि लाईट आली की ती आपोआप भरायला लागते. तिच्यासाठी कुणाला रानातून बोलवावं लागत नाही.

दुसरा असा की चार्जिंगवाली क्लिप द्या, रात्री वहिनी चार्जिंगला लावतील. चालेल, पण वहिनी आजारी पडल्या, विसरल्या, माहेरी गेल्या, तर? घरच्या माणसाच्या आठवणीवर यंत्र उभं करायचं म्हणजे त्याच्या डोक्यावर अजून एक ड्यूटी लावायची. या घरातल्या बाईच्या ड्यूटीचं रजिस्टर आधीच भरलेलं आहे.

तिसरा आक्षेप माझ्या मुलीचा. म्हणाली, आता नुसत्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून पॉइंटर हलवता येतो, ठिपका तरी कशाला? बॉस्टन कॉलेजने बनवलेलं कॅमेरा माउस नावाचं सॉफ्टवेअर खूप आधीपासून फुकट मिळतं, आणि ओपनट्रॅकमध्येही चेहऱ्यावरून चालणारी सोय आहे. तिचं बरोबर आहे. ज्याला ते जमेल त्याने तेच करावं. माझ्या मताशी ते जुळणारंच आहे, कारण त्यात अंगावर काहीच लावायचं नाही. आमच्या हवालदारांचा लॅपटॉप जुना आहे, चेहरा ओळखण्यात तो दमतो, आणि संध्याकाळच्या मंद उजेडात चेहरा हरवतो. ठिपके अंधारातही दिसतात. उद्या नवा लॅपटॉप आला तर टोपी खुशाल खुंटीला टांगावी.

आणि एक कबुली मला द्यायला हवी. ही टोपी घातल्याने हवालदार कुणावर अवलंबून राहिले नाहीत, असं मी म्हणणार नाही. सकाळी टोपी वहिनीच घालतात. जेवण, अंघोळ, कूस बदलणं हे सगळं दुसऱ्याच्याच हातांनी होतं. पण ती मदत ठरलेल्या वेळी येते, घड्याळाच्या काट्यावर. माणसाला लागतं ते मधेच, चारचौघांत, अर्ध्या कामातून हाक मारणं. तेवढं गेलं. दिवसातले आठ तास समोरच्या माणसाच्या लेखी ते मदत घेणारे नसतात, मदत करणारे असतात.

माजी सैनिक वाचकांना एक विनंती. तुमच्या ओळखीत असा कुणी जवान असेल, त्याच्या घरी जा आणि त्याच्या वस्तू बघा. घंटी, टॉर्च, फोन, कानातलं यंत्र, खुर्ची. प्रत्येक वस्तूसाठी एकच विचारा: ही दुपारी दोनला, घरी कुणी नसताना, बंद पडली तर काय? ज्या वस्तूचं उत्तर "वाट बघायची" असेल, तिथे आपल्यातल्या कुणीतरी एक रविवार घालवावा. सोल्डरिंग गन येणारे आपल्यात भरपूर आहेत.

परवा हवालदारांशी बोललो. ते नाईक आजोबा पुन्हा येऊन गेले होते, नातीच्या कसल्याशा दाखल्यासाठी. फॉर्म एका बैठकीत झाला. टोपी धुतल्यावर एक ठिपका सुटला होता. वहिनींनी रुपयाचं नाणं ठेवून नवा कापला आणि चिकटवला. मी विचारलं, ते पेन्सिल सेल उरले होते त्यांचं काय केलं?

"एक भिंतीवरच्या घड्याळात घातलाय साहेब," ते म्हणाले. "बंद पडलं तर पडू दे. टाइम कंप्युटरवर दिसतो."

जय हिंद.